मुदतीचा परवाना आणि दिलेला शब्द

(आपल्या सभेच्या पाचोरा येथील वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



मजसारख्या शाळामास्तराला परदेशगमनाच्या परवान्यांवर बोलावयास सांगावे, यात मंडळाने थोडेसे धाडसच केले आहे. मी स्वतः भारताची सीमा एकदाही ओलांडलेली नाही. माझा प्रवास पाचोऱ्याहून भुसावळपर्यंत, मनमाडपर्यंत, आणि फार झाले तर मुंबईपर्यंतचा. तथापि आपल्या स्मरणिकेच्या मागील काही अंकांत "परदेशगमनाबद्दल अभिनंदन" या मथळ्याखाली छापली जाणारी छायाचित्रे दरवर्षी वाढत चालली आहेत, आणि त्या छायाचित्रांतील कित्येक मुले माझ्या वर्गात बसलेली आहेत. त्यांच्या आईबापांनी माझ्याकडे कागद आणून "गुरुजी, यात काय लिहिले आहे ते पाहा" असे म्हणावे, आणि मी चष्मा पुसून ते वाचावे, असे गेली पंधरा वर्षे चालले आहे. त्या वाचनातून जे उमगले, आणि माझ्या स्वतःच्या घरात झालेल्या एका चुकीतून जे शिकलो, तेवढेच आज आपणांपुढे ठेवणार आहे.

प्रारंभी एका जुन्या गोष्टीची आठवण देतो. १८८८ साली एक अठरा वर्षांचा मुलगा बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाला. मुंबईत त्याच्या मोढ वाणी ज्ञातीची सभा भरली. समुद्र ओलांडणे धर्माविरुद्ध आहे असे शेटजींनी त्याला बजावले, आणि तो ऐकत नाही असे पाहून त्याला ज्ञातीबाहेर टाकले. एवढ्यावरच न थांबता, जो कोणी त्याला साहाय्य करील किंवा त्याला निरोप देण्यास बंदरावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड, असाही ठराव झाला. तो मुलगा म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. १८९१ साली ते परतले, तेव्हा ज्ञातीच्या समाधानासाठी वडील बंधूंनी त्यांना आपल्या नाशिकला आणून गोदावरीत स्नान घडविले, आणि पुढे राजकोटला ज्ञातिभोजन घातले. ही हकीकत त्यांनीच आपल्या आत्मकथेत सांगितली आहे.

त्याआधी पाच वर्षे, १८८३ च्या एप्रिलात, कल्याणच्या आनंदीबाई जोशी अवघ्या अठराव्या वर्षी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि अमेरिकेस पोहोचल्या. निघण्यापूर्वी त्यांनी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भाषण करून आपण का जातो आणि कशासाठी परत येणार, हे लोकांना सांगितले. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली, त्याच वर्षाच्या अखेरीस त्या परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास निवर्तल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील जागा त्यांची वाट पाहत होती.

या दोन्ही प्रवासांत आजच्यासारखा व्हिसा कोठेही आढळत नाही. त्या काळी हिंदुस्थानातून निघणाऱ्या प्रवाशाला सरकारचा परवाना फारसा लागत नसे. परवाना लागे तो ज्ञातीचा! आज स्थिती अगदी उलटी झाली आहे. ज्ञातीचा परवाना कोणी मागत नाही. उलट ज्ञाती हार घेऊन स्टेशनावर जाते. परंतु सरकारी कागद मात्र एकाचे दहा झाले आहेत. जुन्या ज्ञातिसभांनी जाणाऱ्याला दंड केला. आपण त्याला हार घालतो. मला आज विचारावयाचे आहे ते हे, की दंड आणि हार यांखेरीज ज्ञातिसभेचे काही तिसरे कर्तव्य आहे की नाही?

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. पासपोर्ट आणि व्हिसा या दोन वस्तू निराळ्या आहेत. पासपोर्ट आपले सरकार देते; "हा मनुष्य आमचा आहे" अशी ती ओळख असते. व्हिसा परके सरकार देते. "या मनुष्याने अमुक कामासाठी आमच्या दारापर्यंत यावे" अशी ती अनुमती असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात सर्वत्र पहारे बसले आणि पासपोर्टाची सक्ती रूढ झाली. आपल्याकडे १९२० साली त्याचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी समजली जात होती. १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला, की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्यावाचून तो हिरावून घेता येणार नाही. त्याच वर्षी आजचा पासपोर्ट कायदा आला. म्हणजे पासपोर्टाच्या बाबतीत आपल्याला न्यायालयाचा आधार आहे. व्हिसाच्या बाबतीत तसा आधार नाही. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकण्याचा हक्क कोणालाच नसतो. घरमालक बोलावील तेव्हा, बोलावील त्या कामासाठी आणि सांगेल तितके दिवसच जावयाचे असते.

आणखी एक गोष्ट याच कायद्यात आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. पासपोर्ट आपल्या खिशात असला तरी तो भारत सरकारच्या मालकीचा असतो. म्हणून कोणी दलाल किंवा परदेशातील मालक "तुझा पासपोर्ट माझ्याजवळ राहू दे" असे म्हणू लागला, तर तो सरकारची वस्तू अडकवून ठेवतो आहे, हे जाणाऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे.

आता मुदतीविषयी. मुदतीचा परवाना ही कल्पना आपल्या खानदेशी माणसाला परकी वाटावयाचे कारण नाही. आखाजीला आपण सालदार ठरवितो. साल किती, रोख किती, धान्य किती, कपडा-जोडा कोणता, हे सारे आधी बोलून घेतो. आणि एकदा शब्द झाला की पुढच्या आखाजीपर्यंत तो दोघांनी पाळावयाचा असतो. त्याच आखाजीला सासरची लेक माहेरी येते. निंबाला झोका बांधला जातो, गौराईची गाणी होतात, आणि ठरल्या दिवशी ती डोळे पुसत परत जाते. ती किती दिवस राहणार हे दोन्ही घरांना ठाऊक असते, म्हणूनच तिच्या येण्याचा आनंद निर्मळ असतो. परदेशाचे परवाने याच दोन जातींचे आहेत. भेटीचा परवाना हा आखाजीच्या लेकीसारखा, आणि नोकरीचा परवाना हा सालदारीसारखा. शिक्षणाचा परवाना या दोहोंच्या मधला आहे. तिघांचा आत्मा एकच: काम सांगितलेले असते आणि दिवस मोजलेले असतात.

भेटीच्या परवान्यापासून आरंभ करू, कारण आपल्यातील वडील मंडळी त्यावरच जातात. मुलगी अमेरिकेत बाळंत होणार असते, आई शेवया-पापड बांधून निघते. व्हिसावर दहा वर्षांची तारीख असते, आणि आईला वाटते की आपल्याला दहा वर्षे राहण्याची मुभा आहे. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. दहा वर्षे ही दार ठोठावण्याची मुदत आहे. घरात राहण्याची मुदत विमानतळावर उतरल्यावर तेथील अधिकारी ठरवितो, आणि ती बहुधा सहा महिन्यांची असते. पूर्वी तिचा छोटा कागद पासपोर्टात टाचून देत. आता ती नोंद संगणकावर असते आणि आपणच उघडून पाहावी लागते. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाकडून वा जावयाकडून ती काढून घ्यावी आणि शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर लाल शाईने लिहून ठेवावी. त्या तारखेपुढे परवानगीवाचून एक दिवस जरी राहिले, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो. १९९६ च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून जो बाहेर पडला त्याला तीन वर्षे, आणि वर्षभर वा अधिक राहिला त्याला दहा वर्षे पुन्हा प्रवेश नाही. नातवाच्या पहिल्या वाढदिवसासाठी आठ दिवस अधिक राहिलेल्या आजीला त्याच्या मुंजीला किंवा लग्नाला जाण्याची वाट अवघड होऊन बसते. तारीख वाढवून हवी असेल तर ती संपण्यापूर्वी रीतसर अर्ज करता येतो. संपल्यावर रडून उपयोग नाही.

यानंतर विद्यार्थ्यांचा परवाना. आणि येथे मला माझ्या घरातील गोष्ट सांगितली पाहिजे. ज्याची ही गोष्ट आहे तो आज या सभेत बसला आहे, आणि त्याची अनुज्ञा घेऊनच मी बोलतो आहे.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा जळगावला इंजिनिअर झाला. मुलगा हुशार होता, परीक्षा चांगल्या दिल्या होत्या, अमेरिकेतील एका विद्यापीठाने प्रवेशही दिला होता. अडचण पैशाची होती. वर्षाचा खर्च भागविण्याइतकी रक्कम घरात आहे हे दाखवावे लागते. भाऊ शेतकरी, कापूस आणि थोडीशी केळी, एवढेच उत्पन्न. एका मोठ्या शहरातील सल्लागाराने आम्हाला तोड सुचविली, की महिन्या-दीड महिन्यापुरती रक्कम व्याजाने मिळते. ती भावाच्या खात्यावर ठेवावयाची, बँकेचा दाखला घ्यावयाचा, आणि काम झाले की परत करावयाची. "सगळेच असे करतात," असे तो म्हणाला. भावाचा जीव होत नव्हता. तो मला म्हणाला, "दादा, तुम्ही म्हणाल तसे करू." आणि मी, ज्याने तीस वर्षे मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगितले, त्या मी होकार दिला. जामीन म्हणून सहीही केली.

मुंबईच्या वकिलातीत मुलाची मुलाखत तीन मिनिटेही चालली नाही. अधिकाऱ्याने विचारले, खर्च कोण करणार? मुलगा म्हणाला, वडील. वडील काय करतात? शेती. मग गेल्याच महिन्यात एवढी रक्कम त्यांच्या खात्यावर एकदम कोठून आली? मुलगा गप्प झाला. त्याला खोटे बोलता येत नव्हते, आणि खरे बोलण्याची सोय आम्ही ठेवली नव्हती. पासपोर्ट परत मिळाला, सोबत नकाराचा कागद. तो रात्रीच्या गाडीने पाचोऱ्यास उतरला आणि ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून मागल्या गल्लीने घरी आला. आम्ही लोकांना सांगितले की विद्यापीठानेच पुढच्या वर्षी बोलाविले आहे. उसन्या रकमेचे व्याज भावाने कापूस विकून भरले. सल्लागाराची फी परत मिळाली नाही.

त्या नकाराच्या कागदावरील कलम मी नंतर समजून घेतले. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात असे गृहीत धरले आहे, की भेटीसाठी वा शिक्षणासाठी येणारा प्रत्येक अर्जदार तेथे कायमचा राहावयासच येतो आहे. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. म्हणजे अधिकारी तुमच्या श्रीमंतीची परीक्षा घेत नसतो. तो पाहत असतो, की याचे बोलणे आणि याचे कागद एकमेकांशी जुळतात काय, आणि याला परत ओढून आणणारे काही याच्या गावी आहे काय. आमच्याजवळ ते होते. शेत होते, घर होते, आईबाप होते. नव्हता तो फक्त त्या एका दाखल्यातील खरेपणा, आणि त्या एका कागदाने बाकी सगळ्यांना खोटे पाडले.

पुढच्या वर्षी मुलाने जर्मनीचा विचार केला. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी जवळजवळ नसते. परंतु वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधीच एका बंद खात्यात भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, आणि त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. आपल्याकडे पेवात धान्य भरून महिन्याचे माप तेवढे बाहेर काढावे, तसाच हा प्रकार. पुन्हा पैशाचा प्रश्न आला तेव्हा माझ्याच तोंडून निघून गेले, की काही दिवसांपुरती सोय पाहू काय? मुलगा म्हणाला, "आबा, एकदा पुरे." मग बँकेचे शैक्षणिक कर्ज काढले, सातबारा तारण ठेवला, वहिनींच्या पाटल्या मोडल्या, आणि जे होते तेच कागदावर लिहिले. तो गेला.

यातून मी जे शिकलो ते दोन वाक्यांत सांगतो. व्हिसा नाकारला जाणे हा कलंक नव्हे. उसन्या पैशाचा दाखला जोडणे हा कलंक आहे. आणि एकदा नकार मिळाला तर तो पुढे लपवू नये, कारण कित्येक देशांच्या अर्जात "यापूर्वी कोणी व्हिसा नाकारला आहे काय?" असा सरळ प्रश्न असतो, नकार क्षम्य ठरतो, लपवालपवी ठरत नाही.

दलालाच्या कागदावर विसंबून राहिल्याचे परिणाम किती दूरवर पोहोचतात याचे उदाहरण २०२३ साली साऱ्या देशाने पाहिले. कॅनडात शिकून नोकरीस लागलेल्या, मुख्यतः पंजाबी असलेल्या शेकडो तरुणांपुढे हद्दपारीचे संकट उभे राहिले. दलालाने काही वर्षांपूर्वी त्यांच्या अर्जास जोडलेली प्रवेशपत्रे बनावट होती, आणि कायम वास्तव्याचा अर्ज तपासला जाताना ती उघडकीस आली. पुढे कॅनडा सरकारने प्रत्येकाचे प्रकरण निराळे तपासण्याचे ठरविले हे खरे. परंतु त्या घरांनी काढलेल्या रात्री कोण भरून देणार? म्हणून प्रवेशपत्र आले की विद्यार्थ्याने स्वतः विद्यापीठाला लिहून "हे पत्र आपलेच ना?" असे विचारावे. सही ज्याची, जबाबदारी त्याची. अर्जावर सही मुलाची असते. दलालाची नसते, आणि माझ्यासारख्या काकाचीही नसते.

तिसरा परवाना नोकरीचा. अमेरिकेचा एच-१बी हा परवाना १९९० च्या कायद्याने आला आणि आपल्यातील संगणक अभियंते बहुधा त्यावरच आहेत. अर्ज मनुष्य करीत नाही, मालक करतो. वर्षाला ६५,००० परवाने, शिवाय तेथील उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २०,०००. अर्ज त्याहून पुष्कळ अधिक येतात, म्हणून निवडीत नाव लागावे लागते. एका वेळी तीन वर्षे, आणि सामान्यतः एकूण सहा. नोकरी सुटली तर दुसरा मालक शोधण्यास अथवा देश सोडण्यास फार तर साठ दिवस. सप्टेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या अध्यक्षांनी घोषणा काढून, बाहेरून येणाऱ्यांसाठी करावयाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचा आकार बसविला. आपल्या सालदाराला मालक बदलावयाचा असला तर पुढची आखाजी तरी मिळते. या सुशिक्षित सालदाराला साठ दिवसच मिळतात. मोठे घर आणि मोटार यांची छायाचित्रे पाहून आपण ज्याचा हेवा करतो, त्याच्या उशाखाली ही तारीख असते, हे आईबापांनी विसरू नये. दिवाळीला तो आला नाही म्हणून रुसण्यापूर्वी, त्याच्या परवान्याचे नूतनीकरण अडकले आहे काय, हे एकदा प्रेमाने विचारावे.

हाच विषय आपल्या वधूवर मेळाव्यालाही लागू आहे, आणि येथे मी मुलींच्या पित्यांना स्पष्ट बोलतो. मुलगा अमेरिकेत आहे, एवढे ऐकून आपण पत्रिका पुढे करतो. तो कोणत्या परवान्यावर आहे, त्याची मुदत कधी संपते, हे विचारण्यास आपण संकोचतो. एच-१बी वर असलेल्याची पत्नी एच-४ या परवान्यावर जाते, आणि त्यावर तिला नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही पत्नींना कामाची मुभा मिळू लागली. परंतु पतीच्या कायम वास्तव्याचा अर्ज विशिष्ट टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल तरच. आपल्या मुली आज डॉक्टर, अभियंता, शिक्षिका आहेत. त्यांनी जाणूनबुजून काही वर्षे घरी बसणे पत्करले तर तो त्यांचा निर्णय. परंतु मांडवात उभे राहताना हे ठाऊक नसणे ही फसवणूक आहे, मग ती कोणी हेतुपुरस्सर केलेली असो वा नसो.

नोकरीच्या परवान्याचा दुसरा प्रकार आखाती देशांचा. गवंडी, सुतार, वायरमन, वाहनचालक म्हणून जाणारे तरुण आपल्या तालुक्यातही आहेत. त्यांच्यासाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. जो दहावी उत्तीर्ण नाही त्याला ठराविक १८ देशांत नोकरीस जाताना सरकारची मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी म्हणजे अडथळा नव्हे, ते कुंपण आहे; पीक खाण्यास नव्हे, राखण्यास घातलेले. त्यामुळे करारनामा तपासला जातो आणि विमा उतरविला जातो. माणसे भरती करणारा दलाल सरकारकडे नोंदलेला असला पाहिजे, आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक घेता येत नाही. जो दोन-तीन लाख मागतो आणि "आधी भेटीच्या व्हिसावर चला, तेथे गेल्यावर नोकरीचा करू" असे सांगतो, त्याच्या ओट्यावरून तत्काळ उठावे. २०२२ पासून कित्येक भारतीय तरुण अशाच बोलण्याला भुलून थायलंडला उतरले आणि म्यानमारच्या सीमेवर संगणकावरून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्यांच्या कैदेत पडले; सरकारला त्यांची सोडवणूक करावी लागली. भेटीच्या परवान्यावर गेलेला कामगार हा त्या देशाच्या कायद्याने गुन्हेगार ठरतो, आणि गुन्हेगाराला मजुरी बुडाली म्हणून तक्रार करता येत नाही. दलालाला हे पक्के ठाऊक असते.

येथवर जाणाऱ्याच्या कर्तव्याविषयी बोललो. आता आपल्या, म्हणजे मागे राहणाऱ्यांच्या, कर्तव्याकडे वळतो. आणि त्यासाठी मी ज्यांचे उदाहरण घेणार आहे, त्यांच्यापुढे आपणा सर्वांची मान खाली गेली पाहिजे.

१९१३ साली भीमराव आंबेडकर नावाचा तरुण बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची. आणि शिकून आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करीन, असा करार सही करून दिलेला. मुदत एक वर्ष वाढवून मिळाली आणि ते लंडनला गेले. तेथील अभ्यास अर्धा राहिला असता मुदत संपली. त्यांनी काय केले? लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मागून घेतली आणि ते १९१७ साली निघून आले. त्यांचे ग्रंथ ज्या बोटीवर होते ती युद्धात बुडाली. ते बडोद्यास आपला शब्द पाळण्यास हजर झाले. तेथे या उच्चविद्याविभूषित माणसाला राहण्यास कोणी खोली दिली नाही. पारशी सराईतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकीत. शेवटी त्यांना बडोदे सोडावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली, चार वर्षांची ती सवलत संपण्यापूर्वी, ते लंडनला पुन्हा दाखल झाले. १९२३ साली त्यांनी तेथील डी. एस्‌सी. मिळविली.

बंधु-भगिनींनो, या हकीकतीत दोन मुदती आहेत, आणि त्या दोन्ही त्या तरुणाने मान्य करून पाळल्या. शब्द मोडला तो समाजाने. बोलावलेला माणूस वेळेवर परत आला आणि गावाने त्याला दार उघडले नाही. तो दोष अस्पृश्यतेचा होता, आणि ज्ञातीची सभा भरविणाऱ्या आपणांस तो दोष आठवणे विशेष अगत्याचे आहे. कारण आपल्याच माणसांना हार घालणे आणि दुसऱ्याच्या माणसाला खोली नाकारणे, ही दोन्ही कामे ज्ञातीच्या नावानेच होत आली आहेत.

आपल्या मुलांना आज कोणी सराईतून हाकलीत नाही. तथापि परत आलेल्याला आपण कसे वागवितो? माझ्या पुतण्याचीच गोष्ट पुरी करतो. जर्मनीत त्याने पदवी घेतली. पदवीनंतर नोकरी शोधण्यास तेथे अठरा महिने मिळतात. त्यांपैकी सहा महिने शिल्लक असताना इकडे माझ्या भावाला अर्धांगाचा झटका आला, आणि मुलगा विमानाने निघून आला. मुदत मोडली नाही, कोणाचे देणे ठेवले नाही, पदवी घेऊन आला, बापाच्या उशाशी बसला. आणि आपण काय म्हणालो? "काढून टाकले असेल." "तिकडे जमले नसेल." ज्या तीन घरांतून त्याच्यासाठी विचारणा होती, त्या तिन्ही घरांची बोलणी थांबली. जाताना त्याचे छायाचित्र आपल्या स्मरणिकेत छापले होते. आल्याची एक ओळही कोणी छापली नाही. व्हिसा नाकारला तेव्हा तो मागल्या गल्लीने घरी आला होता. पदवी घेऊन परतला तेव्हाही त्याला मागल्या गल्लीनेच जावेसे वाटावे, यात दोष कोणाचा? आज तो जळगावला एका कारखान्यात चांगल्या जागेवर आहे, कर्जाचे हप्ते फेडतो आहे, आणि वडील काठी घेऊन शेतापर्यंत जातात. परंतु ती दोन वर्षे त्याने कशी काढली हे मी जवळून पाहिले आहे.

जो परत येऊ शकत नाही, तोच मुदत मोडतो. तारीख संपल्यावरही परक्या गावात लपून राहणारी मुले सारीच लोभी नसतात. पुष्कळांना घरी तोंड दाखविण्याची भीती वाटते. ती भीती आपण निर्माण करतो. म्हणून मुदतीचा परवाना हा दोघांचा शब्द आहे. जाणाऱ्याने तारीख पाळावयाची, आणि राहणाऱ्यांनी दार उघडे ठेवावयाचे.

यासाठी मी सभेपुढे चार साध्या सूचना ठेवतो. पहिली, जे परदेशी शिकून वा नोकरी करून आले आहेत त्यांतील पाच-सहा जणांनी महिन्यातून एका रविवारी येथे बसावे आणि ज्याला हवे त्याचे कागद विनामूल्य वाचून द्यावेत. दलालाकडे जाण्यापूर्वीची ही पायरी व्हावी. दुसरी, सभेच्या विद्यार्थी निधीतून बिनव्याजी रक्कम द्यावी ती खऱ्या खर्चासाठी. दाखल्यापुरती रक्कम कोणालाही देऊ नये. तिसरी, वधूवर सूचीत परदेशस्थ मुलामुलींच्या नावापुढे परवान्याचा प्रकार आणि मुदत लिहिण्याचा रकाना असावा. आणि चौथी, स्मरणिकेत "परदेशगमनाबद्दल अभिनंदन" या पानासमोरच "स्वदेशी परतलेल्यांचे स्वागत" असे पान असावे, आणि त्यासाठी यशापयशाची चौकशी करू नये. तो आला, एवढे पुरे.

आमच्या लहानपणी पीजेची छोटी गाडी जामनेरहून संध्याकाळी पाचोऱ्याला येई, तेव्हा ज्याचे माणूस गेलेले असे तो कंदील घेऊन फलाटावर उभा राही. कोणी बाजार करून येई, कोणी कोर्टात हरून येई; कंदील दोघांसाठीही सारखाच धरला जाई. तेवढेच आपण आपल्या मुलांसाठी करावे, एवढी माझी विनंती आहे.